पियानोलाची गुंडाळी आणि पाणतीर : संगीतरचनाकार जॉर्ज अँटाइल याच्या तंत्रकार्याचे स्वरूप

१

एखाद्या कलावंताच्या आयुष्यात यंत्रविद्येला स्थान मिळाले म्हणजे त्याचे चरित्रकार बहुधा दोहोंपैकी एका मार्गाने जातात. एक तर तो उद्योग केवळ छंद समजून ते त्याची दोन ओळींत बोळवण करतात. किंवा त्या उद्योगाभोवती अशी काही अद्भुतकथा रचतात की, कला आणि तंत्र या दोहोंचेही खरे स्वरूप त्या कथेखाली झाकले जाते. अमेरिकन संगीतरचनाकार व पियानोवादक जॉर्ज अँटाइल (१९००–१९५९) याच्या वाट्याला हे दोन्ही प्रकार आले. हयातीत त्याच्या शोधाची कोणी विशेष दखल घेतली नाही. मृत्यूनंतर चार दशकांनी मात्र, एका चित्रपट-अभिनेत्रीने आणि एका संगीतकाराने मिळून आजच्या सर्व बिनतारी दळणवळणाचा पाया घातला, अशी आख्यायिका जगभर रूढ झाली.

ही आख्यायिका तीन विधानांवर उभी आहे. पहिले असे की, अँटाइलने पॅरिसमध्ये सोळा यांत्रिक पियानो एका तालात चालवून दाखविले होते. दुसरे असे की, हेच यश त्याने पुढे पाणतीर अथवा टॉर्पेडो यांच्या नियंत्रणासाठी वापरले. तिसरे असे की, त्या योजनेतूनच आजचे वाय-फाय व ब्लूटूथ निघाले. उपलब्ध पुराव्यावरून पाहता यांपैकी पहिले विधान चुकीचे आहे. त्यामुळे दुसऱ्याची मांडणी वेगळ्या रीतीने करणे भाग आहे. आणि तिसरे अंशतःच खरे आहे. परंतु ही तिन्ही विधाने अशी तपासून घेतल्यावर जे शिल्लक उरते, ते आख्यायिकेहून अधिक विचारार्ह आहे. संगीतलेखनाची एक विशिष्ट पद्धती संदेशवहनाच्या क्षेत्रात नेमकी कशी उतरली, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळते. आणि म्हणूनच चिन्हव्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्यांना हे प्रकरण उपेक्षणीय वाटू नये.

२

अँटाइलचा जन्म ८ जुलै १९०० रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन या शहरी झाला. घराणे जर्मन वंशाचे. वडिलांचे पादत्राणांचे दुकान होते. बालपणीच पियानोचे शिक्षण सुरू होऊन पुढे फिलाडेल्फिया येथे कॉन्स्टंटिन फॉन स्टर्नबर्ग व न्यूयॉर्क येथे एर्नेस्ट ब्लॉख यांच्याकडे त्याने अध्ययन केले. फिलाडेल्फियातील मेरी लुईस कर्टिस बोक ही संगीताची मोठी आश्रयदाती. तिनेच पुढे १९२४ मध्ये कर्टिस संगीतसंस्था स्थापन केली. तिचा आर्थिक आधार अँटाइलला जवळजवळ दोन दशके, अधूनमधून खंड पडत का होईना, मिळत राहिला.

१९२२ मध्ये तो पियानोवादक म्हणून युरोपात गेला. लंडन व मध्य युरोपातील मैफलींनंतर १९२३ च्या जूनमध्ये तो पॅरिसला स्थायिक झाला. सिल्विया बीच हिच्या 'शेक्सपिअर अँड कंपनी' या ग्रंथविक्रीच्या दुकानावरील खोलीत त्याचे बिऱ्हाड होते. ह्याच दुकानाने १९२२ मध्ये जेम्स जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी प्रकाशित केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे तेथील वातावरणाची कल्पना येते. ४ ऑक्टोबर १९२३ रोजी शांझेलिझे नाट्यगृहात त्याने स्वतःच्या रचना वाजविल्या तेव्हा प्रेक्षागृहात एकच दंगल उसळली, आणि एका रात्रीत त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. कवी एझ्रा पाउंड याने १९२४ मध्ये त्याच्या संगीतविचारावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

ह्या काळातील त्याच्या रचनांची नावे बोलकी आहेत. 'विमान सोनाटा' १९२१ मधील. त्यानंतर 'यंत्रांचा मृत्यू' ही रचना. यंत्रयुगाचे आकर्षण त्या पिढीतील अनेक कलावंतांना होते. पण बहुतेकांच्या बाबतीत यंत्र हा वर्णनाचा विषय होता. अँटाइलच्या बाबतीत ते हळूहळू रचनेचे साधन बनले. हा फरक नीट कळण्यासाठी पियानोला नामक वाद्याची रचना थोडी तपशिलाने पाहावी लागेल.

३

पियानोला म्हणजे वादकाच्या बोटांवाचून वाजणारा पियानो. त्यात कागदाची एक लांब गुंडाळी बसविलेली असते. कागदावर जागोजाग छिद्रे पाडलेली असतात. हा कागद एका धातूच्या पट्टीवरून सरकत जातो. पट्टीला पियानोच्या प्रत्येक सुरासाठी एक, अशी बारीक भोके असतात. आपल्याकडील पेटीत भात्याने दाबलेला वारा पात्यांवरून जाऊन सूर उमटवितो; पियानोलात ह्याच्या उलट, भात्यांच्या योगे हवा शोषून घेतली जाते. कागदावरील छिद्र पट्टीवरील भोकासमोर आले की बाहेरची हवा आत शिरते, एक लहानसा पडदा उचलला जातो, आणि त्या सुराची हातोडी तारेवर आपटते. पियानोच्या पट्ट्या ८८. १९०८ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथे भरलेल्या उत्पादकांच्या परिषदेत ८८ सुरांच्या गुंडाळीचे प्रमाण ठरले, तेव्हापासून एकाची गुंडाळी दुसऱ्याच्या वाद्यावर चालू लागली.

लेखनपद्धती म्हणून ह्या गुंडाळीचा विचार केला तर एक गोष्ट ध्यानात येते. नेहमीचे स्वरलेखन हे वाचकासाठी असते. त्यात पुष्कळसे अलिखित राहते, आणि ते वाचणारा आपल्या शिक्षणातून व परंपरेतून भरून काढतो. भाषेच्या लिपीचेही असेच आहे. मराठीत 'चंद्र' आणि 'चांदणे' ह्या दोन शब्दांतील 'च' एकाच अक्षराने लिहिला जातो. त्यांचे उच्चार भिन्न आहेत हे लिपी सांगत नाही, मराठी भाषकाला ते ठाऊक असते. गुंडाळीला असा जाणता वाचक नसतो. तिचा वाचक म्हणजे वाऱ्याचा झोत. म्हणून तिच्यात काहीही गृहीत धरून चालत नाही. कागदाच्या रुंदीवरील स्थान म्हणजे सूर, आणि लांबीवरील स्थान म्हणजे काळ. एवढ्या दोनच परिमाणांत सर्व काही सांगावे लागते. विराम दाखविण्यासाठी वेगळे चिन्ह नसते. कोरा कागद जितका लांब, तितका विराम दीर्घ.

छिद्रांनी यंत्राला आज्ञा देण्याची ही युक्ती अर्थातच पियानोलाच्याही आधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॅकार्डच्या मागावर छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी कापडावरील नक्षी ठरत असे. तथापि मागाच्या पुठ्ठ्यांत केवळ क्रम महत्त्वाचा असतो. माग सावकाश चालला म्हणून नक्षी बिघडत नाही. पियानोलाच्या गुंडाळीत क्रमाबरोबर काळही लिहिलेला असतो. पुढील सर्व हकीकत ह्या भेदावर अवलंबून आहे.

४

'बाले मेकानिक' अर्थात 'यांत्रिक नृत्यनाट्य' ही अँटाइलची सर्वांत गाजलेली रचना. तिची योजना चित्रकार फेर्नां लेझे व डडली मर्फी यांच्या त्याच नावाच्या चित्रपटाच्या साथीसाठी झाली. परंतु संगीत चित्रपटापेक्षा फारच लांबले, आणि दोन्ही कृतींना स्वतंत्र मार्ग धरावे लागले. १९२४ च्या मूळ आराखड्यात सोळा पियानोला चार भागांत विभागलेले होते. त्यांच्या जोडीला काष्ठतरंग, मोठे ढोल, विजेच्या घंटा, भोंगा आणि विमानाचे पंखे असा सरंजाम होता. पॅरिसच्या प्लेयेल ह्या पियानो-कारखान्याने रचनेच्या तीन गुंडाळ्या तयार केल्या. रचनेच्या शेवटच्या भागात दीर्घ विराम येतात. गुंडाळी सरकत राहते, छिद्रे नसतात; श्रोता काळ नुसता मोजत बसतो.

कागदावर सुसंगत असलेली ही योजना प्रत्यक्षात उतरेना. अडचण कलेची नव्हती, यंत्राची होती. दोन पियानोला एकाच क्षणी सुरू केले तरी त्यांची गती फार वेळ सारखी राहत नाही. कागद ज्या रिळावर गुंडाळला जातो त्याचा घेर वाढत जातो, आणि घेर वाढला की कागद अधिक वेगाने ओढला जातो. हवेवर चालणाऱ्या चालकयंत्राचा जोरही क्षणोक्षणी बदलतो. एका यंत्रापुरते पाहिले तर हे दोष कानाला जाणवत नाहीत. दुसरे यंत्र शेजारी ठेवताच ते उघडे पडतात. मग सोळा यंत्रांची कथा काय वर्णावी? तेव्हाच्या तंत्राला हा कालमेळ साधला नाही.

म्हणून १९ जून १९२६ रोजी व्लादिमिर गोल्शमान याच्या नेतृत्वाखाली पॅरिसमध्ये रचनेचा जाहीर प्रयोग झाला, तेव्हा सोळांच्या जागी एकच पियानोला होता. इतर भाग पियानोवादकांनी हातांनी वाजविले. १० एप्रिल १९२७ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहातील प्रयोगातही हीच तडजोड होती. युजीन गूसेन्स याने त्याचे नेतृत्व केले. पियानोवादकांत तरुण ॲरन कोपलंड होता. हा प्रयोग पार फसला. पंख्यांचा वारा पुढील रांगांवर घोंगावू लागला. हाताने फिरवायच्या भोंग्याने वेळेवर आवाज धरला नाही. प्रेक्षकांतील एकाने काठीला पांढरा रुमाल बांधून शरणागतीची खूण केल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. अमेरिकेतील गंभीर संगीताच्या क्षेत्रात ह्या अपयशाचा डाग अँटाइलच्या नावावर दीर्घकाळ राहिला.

तेव्हा, सोळा पियानोला एका तालात चालविण्याचा अनुभव त्याच्या गाठी होता, असे म्हणता येत नाही. त्याच्या गाठी होते ते नेमके उलट. दूर ठेवलेली दोन यंत्रे एकाच लिखित क्रमानुसार एकाच क्षणी वागली पाहिजेत, ही समस्या कोणत्या कारणांनी अवघड होते, याचे प्रत्यक्ष ज्ञान त्याला होते. यश मिळाले असते तर यंत्राच्या चालीकडे पुन्हा लक्ष देण्याचे कारण त्याला उरले नसते, असाही तर्क करता येईल.

५

१९३० मध्ये 'ट्रान्सॲटलांटिक' ही त्याची संगीतिका जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे रंगभूमीवर आली. पण त्यानंतर जर्मनीचे राजकारण पालटले, तेथील नव्या संगीताचे दरवाजे बंद झाले, आणि १९३३ मध्ये अँटाइल अमेरिकेस परतला. १९३६ पासून हॉलिवुडमध्ये चित्रपटांना पार्श्वसंगीत देणे हे त्याच्या उपजीविकेचे मुख्य साधन बनले. चित्रपटसंगीताच्या जोडीला त्याने नियतकालिकांत लेखनही केले. अंतःस्रावी ग्रंथींवरील त्याचे लेख 'एस्क्वायर' मासिकात आले आणि १९३७ मध्ये त्या विषयाला गुन्हेशोधाशी जोडणारे त्याचे एक पुस्तकही निघाले. ह्या लेखनाला शास्त्रीय मोल फारसे नाही. परंतु हेडी लामार हिच्याशी त्याची ओळख होण्यास तेच निमित्त झाले.

१९४० हे वर्ष त्याच्या आयुष्यात दारुण ठरले. त्याचा धाकटा भाऊ हेन्री हा हेलसिंकी येथील अमेरिकन वकिलातीत नोकरीस होता. १४ जून १९४० रोजी तो टपालाच्या थैल्या घेऊन एस्टोनियातील टालिनहून 'कालेवा' ह्या फिनिश प्रवासी विमानाने निघाला. सोव्हिएत बाँबफेकी विमानांनी ते विमान फिनलंडच्या आखातावर पाडले. विमानातील नऊही जण दगावले. फिनलंड व सोव्हिएत संघ यांच्यात त्या वेळी युद्ध चालू नव्हते.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात अँटाइल व हेडी लामार यांची भेट झाली. हेडीचा जन्म व्हिएन्ना येथे १९१४ मध्ये झाला. माहेरचे आडनाव कीस्लर. तिचा पहिला पती फ्रिट्झ मांडल हा ऑस्ट्रियातील शस्त्रास्त्रांचा मोठा कारखानदार होता. १९३७ मध्ये तिने ते घर सोडले आणि पुढे ती हॉलिवुडची प्रथितयश तारका झाली. फावल्या वेळात काही ना काही यांत्रिक युक्त्या योजण्याचा तिला नाद होता.

१७ सप्टेंबर १९४० च्या रात्री 'सिटी ऑफ बनारस' ही ब्रिटिश आगबोट अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुडीच्या पाणतिराने बुडाली. एरवी ब्रिटन व हिंदुस्थान यांच्या दरम्यान फिरणारी ही आगबोट त्या सफरीत ब्रिटनमधील मुलांना बाँबवर्षावापासून दूर, कॅनडाला नेत होती. सरकारी योजनेखाली पाठविलेल्या ९० मुलांपैकी ७७ मुले मृत्यू पावली. बोटीवरील खलाशांत हिंदी लोकांचा भरणा मोठा होता, आणि त्यांच्यापैकीही अनेकांना जलसमाधी मिळाली. चरित्रकार हेडी व अँटाइल यांच्या पाणतीरविषयक विचाराचा संबंध ह्या दुर्घटनेशी जोडतात. तिच्यापाठोपाठ काही महिन्यांतच, १९४० च्या डिसेंबरात, त्यांनी आपल्या योजनेचे टिपण वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संशोधक परिषदेकडे धाडले, एवढे निश्चित आहे.

६

योजनेचे स्वरूप असे. पाणतीर सोडल्यानंतर बिनतारी संदेशाने त्याची दिशा बदलता आली तर नेम चुकण्याचा संभव कमी होतो. ही कल्पना नवी नव्हती. तिच्यातील उणीव अशी की, संदेश ज्या कंपनसंख्येच्या लहरीवर जातो ती शत्रूने एकदा ओळखली, म्हणजे त्याच लहरीवर गोंगाट सोडून तो संदेश बुडवू शकतो. हेडीची मूळ सूचना अशी होती की, लहर स्थिर ठेवूच नये; प्रक्षेपक आणि ग्राहक या दोघांनीही आपली कंपनसंख्या वारंवार, पूर्वी ठरलेल्या क्रमाने आणि एकाच क्षणी बदलत राहावी. शत्रूने एक लहर पकडली तरी पुढल्या क्षणी संदेश दुसऱ्याच लहरीवर असेल. ह्या सूचनेचे श्रेय अँटाइलने स्वतः हेडीकडेच दिले आहे.

सूचना मांडणे सोपे; परंतु प्रक्षेपक विमानात अथवा जहाजावर, आणि ग्राहक समुद्रात धावणाऱ्या पाणतिरात, अशा दोन ठिकाणी तोच क्रम त्याच क्षणी पाळला जावा कसा? येथे अँटाइलने गुंडाळी पुढे केली. दोन्ही ठिकाणी सारख्याच छिद्रांच्या कागदी पट्ट्या बसवाव्यात. छिद्रांच्या प्रत्येक ओळीने सूर न छेडता एक विद्युत्कळ दाबावी, आणि त्या कळीने यंत्राची कंपनसंख्या बदलावी. पियानोलाच्या गुंडाळीवर छिद्रांच्या ८८ ओळी असू शकतात. तेव्हा ८८ निरनिराळ्या लहरी वापरता येतील, असा उल्लेख पेटंटाच्या मजकुरातच आहे. त्या संख्येचा उगम संगीतात आहे, हे वेगळे सांगावयास नको.

पेटंटातील काही तपशील विशेष लक्षणीय आहेत. पहिला तपशील आरंभाविषयी. दोन्ही पट्ट्या खुंटीने अडवून ठेवलेल्या असतात आणि एकाच विद्युत्संकेताने दोन्ही एकदम सोडल्या जातात. दुसरा गतीविषयी. पट्ट्या हवेच्या यंत्राने न चालविता घड्याळात व नौकालमापकात असतात तशा, गती काटेकोर राखणाऱ्या स्प्रिंगच्या यंत्रांनी चालवाव्यात, असे सुचविले आहे. आणि गरज पडल्यास मध्येमध्ये संकेत पाठवून ग्राहकाची पट्टी पुन्हा जुळवून घेण्याची मुभाही ठेवली आहे. पियानोलात जे जे बिघडत होते, त्यांतील प्रत्येक दोषावर येथे इलाज योजलेला दिसतो. १९२६ च्या अपयशाचा आणि १९४१ च्या योजनेचा संबंध 'संगीतकाराची कल्पनाशक्ती' अशा मोघम शब्दांनी सांगण्याची म्हणूनच गरज नाही. तो ह्या तपशिलात उघड दिसतो.

तिसरा तपशील फसवणुकीचा. पेटंटातील नमुन्यात प्रक्षेपकाला सात लहरी दिल्या आहेत, ग्राहकाला मात्र चारच. उरलेल्या तीन लहरींवर जे संकेत जातात ते पाणतिरापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांचे काम शत्रूची दिशाभूल करणे एवढेच. पाणतिराला उजवीकडे अथवा डावीकडे वळविण्याची आज्ञा दोन निरनिराळ्या कंपनांच्या संकेतांनी दिली जाते. म्हणजे प्रत्यक्ष संदेशाचा शब्दसंग्रह अवघ्या दोन शब्दांचा आहे, आणि ते दोन्ही उघडे आहेत.

संकेतशास्त्राच्या दृष्टीने योजनेचे मर्म येथेच आहे. सामान्य सांकेतिक लिपीत शब्द झाकले जातात. मार्ग उघडा असतो. येथे शब्द झाकलेले नाहीत. ते कोणत्या क्षणी कोणत्या मार्गाने जातील, हे झाकलेले आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये समान असावी लागते ती भाषा नव्हे, तर एक वेळापत्रक. ऐकणाऱ्याजवळ ते नसेल तर त्याला संदेशाचे तुकडे ऐकू येतील, पण त्यांची सलग मालिका लागणार नाही. मैफलीत गुंडाळी हे प्रकट करण्याचे साधन होते. पेटंटात तीच किल्ली बनली.

७

पेटंटासाठी १० जून १९४१ रोजी अर्ज करण्यात आला. विद्युत्रचनेच्या बाबतीत कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेतील प्राध्यापक सॅम्युअल मॅककीऑन यांचे साहाय्य मिळाले. ११ ऑगस्ट १९४२ रोजी 'गुप्त संदेशवहन पद्धती' ह्या नावाने २२,९२,३८७ क्रमांकाचे पेटंट हेडी कीस्लर मार्की आणि जॉर्ज अँटाइल यांच्या नावे मंजूर झाले. मार्की हे हेडीच्या दुसऱ्या पतीचे आडनाव. त्यामुळे पेटंट वाचणाऱ्याला प्रसिद्ध तारकेचे नाव त्यात सहजी दिसले नसते.

अमेरिकन नौदलाने योजना स्वीकारली नाही. यंत्रणा पाणतिरात मावणार नाही, असा आक्षेप होता. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात अँटाइलने ह्या प्रसंगाकडे विनोदाने पाहिले आहे. पेटंटात पियानोलाचा उल्लेख केल्यामुळे अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अख्खा पियानोच उभा राहिला असावा, असा त्याचा कयास होता. पण ह्यावरून नौदलाला केवळ अदूरदृष्टीचा दोष देणे न्याय्य होणार नाही. खारे पाणी बिनतारी लहरी झपाट्याने शोषून घेते, ही पाणतिराच्या बाबतीत मूलभूत अडचण होती. शिवाय १९४२ मध्ये अमेरिकन पाणबुड्यांचे पाणतीर ठरल्या खोलीपेक्षा खाली जात आणि लक्ष्यावर आदळूनही पुष्कळदा फुटत नसत. ज्यांना साधा पाणतीर धड चालविता येत नव्हता, त्यांनी त्यात आणखी नाजूक यंत्रणा बसविण्यास उत्साह दाखविला नाही, यात आश्चर्य नाही.

योजनेतील मूळ तत्त्व मात्र अव्यवहार्य नव्हते. याचा पुरावा त्याच युद्धात, पण सर्वस्वी वेगळ्या ठिकाणी मिळतो. जुलै १९४३ मध्ये वॉशिंग्टन व लंडन यांच्या दरम्यान 'सिगसॅली' नावाची गुप्त दूरध्वनियंत्रणा सुरू झाली. बेल प्रयोगशाळेतील होमर डडली याने मानवी वाणीचे पृथक्करण करणारे 'व्होकोडर' हे यंत्र पूर्वीच सिद्ध केले होते. ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. सिगसॅलीत ह्या यंत्राने बोलण्याचे मोजक्या अंकांत रूपांतर होई आणि त्या अंकांत यदृच्छ गोंगाटाचे अंक मिसळले जात. तो गोंगाट ग्रामोफोनच्या तबकडीवर मुद्रित केलेला असे. दोन्ही टोकांना त्याच तबकडीच्या प्रती एकाच क्षणी, एकाच गतीने फिरविल्या जात, आणि वापरानंतर त्या नष्ट केल्या जात. सिगसॅलीचा अँटाइलच्या पेटंटाशी वंशसंबंध नाही. तरीही, दूरस्थ दोन यंत्रांना एकाच मुद्रित नादलेखाने बांधून गुप्तता साधावयाची, हे तत्त्व दोन्हींकडे सारखेच आहे. एकाने गुंडाळी वापरली, दुसऱ्याने तबकडी. फरक साधनसामग्रीचा होता: सिगसॅलीची यंत्रे खोलीभर पसरलेली असत, आणि त्यांच्या दिमतीस तज्ज्ञ असत, पाणतिरात दोहोंनाही जागा नव्हती.

त्याचप्रमाणे पूर्वसूरींचाही उल्लेख केला पाहिजे. संदेशाची लहर बदलत ठेवण्याचा विचार जर्मन शास्त्रज्ञ योनाथन झेनेक याच्या १९०८ मधील ग्रंथात आढळतो, आणि विलेम ब्रोएर्त्येस ह्या संशोधकाला १९३२ मध्ये त्या प्रकारच्या योजनेचे अमेरिकन पेटंट मिळाले होते. तारयंत्राच्या क्षेत्रात गिल्बर्ट व्हर्नम याने १९१९ च्या पेटंटात छिद्रांकित कागदी पट्टीचा किल्ली म्हणून उपयोग केला होता. तेव्हा लहर बदलण्याची कल्पना सर्वप्रथम हेडी व अँटाइल यांना सुचली, हे म्हणणे टिकत नाही. त्यांचे कार्य हे की, ही कल्पना आणि तिची किल्ली यांना जोडणारी एक संपूर्ण, आरंभापासून कालमेळापर्यंत विचार केलेली यंत्रणा त्यांनी कागदावर उभी केली.

८

पेटंटानंतर अँटाइल संगीताकडे वळला. १९४४ च्या फेब्रुवारीत लिओपोल्ड स्टोकोव्स्की याने त्याची चौथी सिंफनी नभोवाणीच्या वाद्यवृंदाकडून सादर केली, आणि पूर्वी गमावलेली प्रतिष्ठा त्याला बऱ्याच अंशी परत मिळाली. १९५३ मध्ये त्याने 'बाले मेकानिक'ची नवी आवृत्ती सिद्ध केली. तीत पियानोला नव्हते. त्यांच्या जागी माणसांनी वाजवावयाचे चार पियानो होते. १२ फेब्रुवारी १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पेटंटाची सतरा वर्षांची मुदत संपली.

लहर बदलणाऱ्या संदेशवहनाचा पुढील विकास ट्रान्झिस्टर व अंकीय परिपथ यांच्या जोरावर झाला. १९८५ मध्ये अमेरिकन सरकारने काही लहरपट्टे अशा प्रकारच्या नागरी उपयोगासाठी खुले केले. वाय-फायच्या १९९७ मधील पहिल्या प्रमाणकात लहर बदलण्याची पद्धत एक पर्याय म्हणून होती. १९९९ मध्ये आलेल्या व सर्वत्र पसरलेल्या आवृत्तीने ती वापरली नाही. उपग्रहांवरून स्थाननिश्चिती करणारी जीपीएस यंत्रणाही निराळ्या पद्धतीवर चालते. ब्लूटूथच्या मूळ रूपात मात्र ७९ लहरींवरून सेकंदाला १६०० वेळा उडी मारली जाते. त्या उड्यांचा क्रम दोन्ही उपकरणांना आधी ठाऊक असावा लागतो आणि त्यांची घड्याळे जुळावी लागतात. येथे साम्य खरे आहे. ते तत्त्वाचे आहे, यंत्राचे नव्हे. १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ह्या संस्थेने दोघांच्या कार्याचा गौरव केला. अँटाइल त्या वेळी हयात नव्हता. हेडी हयात होती, आणि २००० च्या जानेवारीत तिचाही मृत्यू झाला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-दालनात दोघांचीही नावे दाखल झाली.

ह्या गौरवांहून एक लहानशी घटना अधिक अर्थपूर्ण मानावी लागेल. १८ नोव्हेंबर १९९९ रोजी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल येथील शाखेत 'बाले मेकानिक'चा, सोळा यांत्रिक पियानोंसह, मूळ आराखड्यानुसार प्रयोग झाला. पॉल लेहरमन याने मूळ लेखनाचे संगणकासाठी रूपांतर केले, आणि एकाच संगणकाने सर्व पियानो एका घड्याळावर चालविले. रचना होऊन पाऊणशे वर्षे लोटली होती. तिच्या कर्त्याने लिहिले ते वाजविण्याजोगे होते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. उणीव होती ती कालमेळ राखणाऱ्या साधनाची.

अँटाइलच्या आयुष्याचे मूल्यमापन करताना संगीतकार आणि तंत्रज्ञ अशा दोन व्यक्ती कल्पून त्यांना वेगवेगळे गुण देण्याची पद्धत ह्यामुळे अपुरी ठरते. मैफलीत आणि पेटंटात तो एकाच प्रश्नाशी झगडत होता: लिहिलेला काळ दोन ठिकाणी सारखाच कसा उमटावा? पहिल्या क्षेत्रात त्याला उत्तर मिळाले नाही. दुसऱ्यात त्याने उत्तर लिहून ठेवले, पण ते कोणी बांधून पाहिले नाही. विद्यापीठीय अभ्यासात ज्ञानशाखांच्या सीमा आपण सोयीसाठी आखतो. त्या सीमांपलीकडे एखादी विद्या गेली असे म्हणताना नेमके काय गेले, कोणत्या तपशिलाच्या रूपाने गेले, आणि कोणत्या अपयशाने तो तपशील घडविला, हे दाखविण्याची जबाबदारी अभ्यासकावर येते. अँटाइलच्या बाबतीत तो तपशील म्हणजे छिद्रे पाडलेली एक कागदी गुंडाळी आणि तिच्या गतीतील चूक होय.